पीएचडीसाठी रुग्णांचे नमुने हवे असतील तर एथिक्सचा अर्ज आधी

वॉर्ड आणि लॅब यांना जोडणाऱ्या पीएचडीत कोर्सवर्क, रोटेशन, गाइड ठरणं हे सगळं मार्गी लागतं. माझं घोडं अडलं ते एथिक्स कमिटीपाशी, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला नैतिक बाजू तपासून मंजुरी देणाऱ्या समितीपाशी. सगळ्या शंका एका पत्रात कळवता आल्या असत्या. त्या एकेक करून आल्या आणि प्रत्येक उत्तर पुढच्या बैठकीपर्यंत पडून राहिलं. याची चीड अजून आहे. पण शंका मात्र रास्त होत्या, म्हणून त्या इथे देतो.

पहिली, नमुन्याची ओळख. नाव खोडलं म्हणजे नमुना अनामिक होत नाही. कोड आणि नाव जोडणारी यादी कुठेही कुलपात असेल, तर तो फक्त 'कोड केलेला' नमुना. यादी नष्ट केली तर त्या रुग्णाचं पुढे काय झालं हे जोडता येत नाही, आणि कुणी संमती मागे घेतली तर त्याचा नमुना शोधून काढताही येत नाही. फॉलोअप हवा असेल तर कोडच ठेवा, आणि यादी कुणाच्या ताब्यात राहील ते लिहा.

दुसरी, उरलेला नमुना. पुढच्या संशोधनासाठी साठवणार असाल तर त्याची संमती वेगळ्या चौकटीत मागा. जनुकीय तपासणीत अनपेक्षित काही सापडलं तर रुग्णाला कळवणार की नाही, हेही तिथेच.

तिसरी, संमती कोण घेणार? रुग्ण उपचारांसाठी ज्या डॉक्टरवर अवलंबून आहे, त्याला नकार देणं अवघड जातं. म्हणून हेलसिंकी जाहीरनामा (माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची आंतरराष्ट्रीय नीतितत्त्वं) अशा वेळी त्या नात्याबाहेरच्या जाणकार व्यक्तीने संमती घ्यावी असं सांगतो.

रक्ताचं प्रमाण प्रोटोकॉल (संशोधनाचा लेखी आराखडा), संमतीपत्र आणि माहितीपत्रक तिन्हीकडे एकच हवं. प्रत्येक पानावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख टाका. कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, निरोगी स्वयंसेवक लागणार असतील तर त्यांचाही उल्लेख पहिल्याच अर्जात करा. मंजुरीआधी गोळा केलेल्या नमुन्यांना मागाहून मंजुरी मिळेल या भरवशावर राहू नका.

ट्यूबही आधीच ठरवा, नाहीतर पुन्हा दुरुस्ती अर्ज. रक्त गोठू नये म्हणून ट्यूबमध्ये हेपरिन किंवा ईडीटीए असतं. हेपरिन पीसीआरला (डीएनएच्या प्रती वाढवणारी चाचणी) अडथळा करतं, त्यामुळे डीएनए-आरएनएसाठी ईडीटीए. लिम्फोसाइट-मोनोसाइट या पांढऱ्या पेशी घनतेच्या द्रावणावर वेगळ्या करायच्या असतील तर रक्त बर्फात न ठेवता खोलीच्या तापमानाला आणा, त्याच दिवशी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, साधारण ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट), ३० मिनिटं, ब्रेक बंद. उशीर झाला की ग्रॅन्युलोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी हव्या असलेल्या पेशींच्या थरात मिसळतात. म्हणून रक्त काढल्याची आणि फिरवल्याची वेळ दर ट्यूबमागे नोंदवा.