नाशिकची डिसेंबर फेरी: पायथनची टेस्ट सूट पूर्ण चालवायची असेल तर

पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा सोर्स (मूळ कोड) स्वतःच्या लॅपटॉपवर बांधायचा, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्राम तयार करायचा, आणि त्याच्या स्टँडर्ड लायब्ररीची (भाषेसोबत येणाऱ्या तयार मॉड्यूलांची) टेस्ट सूट, म्हणजे तपासण्यांचा संच, पूर्ण चालवायची, एवढ्याच कामासाठी आम्ही काही जण डिसेंबरात नाशिकला जमलो. मी पुण्याहून, दोघं मुंबईहून, बाकीची नाशिकचीच इंजिनिअरिंगची मुलं. गंगापूर रोडला एका मित्राच्या घराचा वरचा मजला मोकळा होता, तिथेच मुक्काम. असा बेत अजून कुणी करणार असेल तर त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे सविस्तर लिहितेय. कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थात रोमनमध्ये करायच्या.

आधी प्रवासाचं. पुणे-नाशिक रस्त्याने साधारण २१० किलोमीटर. सोयीची थेट रेल्वे नाही, त्यामुळे एसटी नाहीतर स्वतःची गाडी. पहाटेच निघा. चाकणची कोंडी लागली की पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडतं. एकदा राजगुरुनगर मागे पडलं की मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा रस्ता सुटसुटीत आहे. मुंबईकरांनी सकाळची तपोवन एक्सप्रेस धरावी. पंचवटीच्या भरवशावर राहू नका, ती सकाळी नाशिकहून मुंबईला जाते आणि संध्याकाळी परत फिरते. नाशिक रोड स्टेशन गावापासून नऊ-दहा किलोमीटर लांब आहे. सिटीलिंकची बस मिळते, पण सामान जास्त असेल तर सरळ रिक्षा करा.

डिसेंबर मुद्दाम निवडला होता. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात तेच हे दिवस, आणि ती थंडी लॅपटॉपला फार मानवते. टेस्ट सूट प्रोसेसरचे सगळे कोअर बराच वेळ पूर्ण ताणते. मशीन तापलं की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, आणि मग वेळेवर अवलंबून असणाऱ्या टेस्ट विनाकारण पडायला (फेल व्हायला) लागतात. एप्रिल-मेमध्ये असा बेत करायचा झाला तर टेस्ट रात्री चालवा.

घरून निघण्यापूर्वी दोन कामं उरका. पहिलं, सोर्स उतरवून ठेवा. बदलांच्या पूर्ण इतिहासासकट रेपॉझिटरी (सोर्सचा साठा) शेकडो एमबींची आहे. एका घरच्या वायफायवर सगळे एकदम क्लोन करायला (तिची प्रत उतरवायला) बसले तर सकाळ त्यातच जाते. फक्त टेस्ट चालवायच्या असतील तर ‘मायनस मायनस डेप्थ १’ लावून घेतलेली प्रत पुरते. दुसरं, डेव्हलपमेंट लायब्ऱ्या टाकून घ्या. उबुंटूवर ओपनएसएसएल, लिबएफएफआय, झेडलिब, बीझिप२, एलझेडएमए, एसक्यूलाइट, रीडलाइन, एनकर्सेस, टीके यांची ‘डेव्ह’ पॅकेजं लागतात. सोर्स पॅकेजांची नोंद चालू असेल तर ‘ॲप्ट बिल्ड-डेप पायथन३’ हे बरंचसं काम एका फटक्यात करतं. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) वापरणाऱ्यांनी सोर्स लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवावा. सी ड्राइव्हवर ठेवला तर सगळं संथ चालतं आणि फाइलच्या परवानग्यांच्या टेस्ट वेगळ्याच वागतात.

बांधणी सोपी आहे. ‘कॉन्फिगर’ला ‘विथ-पायडीबग’ द्यायचं आणि मग ‘मेक’. डीबग बिल्ड हळू चालतं, पण आतल्या असर्शन (कोडने स्वतःच करायच्या खातरजमा) त्यातच चालू असतात आणि रेफरन्स (एखादी वस्तू किती ठिकाणी वापरात आहे ते) मोजायची सोयही त्यातच मिळते, म्हणून टेस्टसाठी तेच घ्या. ‘एनेबल-ऑप्टिमायझेशन्स’ या कामाला नको. त्यात बांधणीच्या मध्येच टेस्ट सूटचा एक भाग प्रोफाइलिंगसाठी (कोणता कोड जास्त चालतो ते मोजायला) चालवला जातो, तेव्हा बांधणीच लांबते. मॅकवर तयार होणाऱ्या फाइलचं नाव ‘पायथन डॉट एक्सई’ असतं, ते बघून आमच्यातला एक जण दचकला. कारण साधं आहे: सोर्समध्ये ‘पायथन’ नावाचं फोल्डर आधीच आहे आणि मॅकची नेहमीची फाइल प्रणाली रोमनमधल्या लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही.

‘मेक’ संपल्यावर लगेच पुढे पळू नका. शेवटी एक यादी छापून येते: कोणती ऐच्छिक मॉड्यूल्स बांधता आली नाहीत त्यांची. एका मुलाच्या यादीत एसएसएल (सुरक्षित जोडणीचं) आणि टीकेइंटर (स्क्रीनवरच्या खिडक्यांचं) दोन्ही होती. ही यादी जवळजवळ मोकळी होईपर्यंत टेस्टला हात लावायचा नाही, असा नियम मी तिथे घालून दिला आणि तो सगळ्यांनी पाळला. मॉड्यूलच नसेल तर त्याच्या टेस्ट पडत नाहीत, गुपचूप गाळल्या जातात. सगळ्यात मोठी फसगत तिथेच होते.

आता टेस्ट. ‘पायथन मायनस एम टेस्ट’ म्हटलं की ‘लिब/टेस्ट’ फोल्डरमधल्या चारशेहून जास्त टेस्ट फाइली ओळीने सुरू होतात. ‘मायनस जे शून्य’ जोडलं की मशीनमधल्या कोअरच्या हिशेबाने अनेक प्रक्रिया एकाच वेळी चालतात. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर मात्र ‘जे २’ किंवा ‘जे ४’वरच थांबा, नाहीतर मशीन स्वॅपमध्ये जातं (रॅम संपून डिस्क वापरायला लागतं) आणि टाइमआउटची रांग लागते. रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवू नका. डॉकरच्या डब्यात (कंटेनरमध्ये) आपण आपोआप रूट असतो. रूटला सगळीकडे मुभा असल्यामुळे परवानगी नाकारली जाते की नाही हे तपासणाऱ्या टेस्टना तिथे अर्थच उरत नाही. वेगळा वापरकर्ता तयार करा.

पहिली फेरी चालू असताना आम्ही मिसळ खाऊन आलो. (नाशिकला मिसळीबरोबर पापड आणि दही येतं. रस्सा बेतानेच मागा, दुपारी काम करायचं असतं.) परत आल्यावर एका मुलाने वरूनच हाक मारली, “ताई, सक्सेस आलं!”

“छान. आता शेवटच्या ओळी मोठ्याने वाच बघू.”

त्याने वाचल्या. इतक्या फाइली गाळल्या, त्यातल्या इतक्या ‘रिसोर्स डिनाइड’ म्हणून. खाली एकूण आकड्यांत ‘स्किप्ड’पुढे भलीमोठी संख्या. तरी निकाल सक्सेस.

या फेरीतून एकच गोष्ट घेऊन जायची असेल तर ती ही: निकालाआधी ‘स्किप्ड’ वाचा. साध्या कमांडने टेस्ट चालवल्या की नेटवर्क, आवाज, खिडक्या उघडणं, मोठ्या फाइली, जास्त सीपीयू खाणारं काम, हे सगळं बंद असतं. ते ‘मायनस यू’ने मागून घ्यावं लागतं. ‘मायनस यू ऑल’ म्हटलं की बहुतेक सगळं येतं; नको ते वजा करता येतं, जसं ‘ऑल, मायनस जीयूआय’ (जीयूआय म्हणजे खिडक्या उघडण्याचं काम). जीयूआय चालू ठेवलं तर स्क्रीनवर खिडक्या उघडतात-मिटतात. तेवढा वेळ कीबोर्ड-माउसला हात लावू नका, फोकस हलला की टेस्ट पडते.

आणि शेवटची यादीही पूर्ण सांगत नाही. त्या यादीत अख्ख्या गाळलेल्या फाइली असतात. फाइल चालली पण तिच्यातली एखादीच टेस्ट गाळली गेली, तर तिचं नाव यादीत दिसत नाही, फक्त एकूण आकड्यात मिसळून जातं. कारण वाचायचं तर त्या फाइलपुरतं ‘मायनस व्ही’ (सविस्तर आउटपुट) लावून चालवायचं.

अशा गुपचूप गाळल्या जाणाऱ्या टेस्टचं उदाहरण मी मुलांना आपल्याच लिपीतलं दाखवलं. ‘कऱ्हाड’ हा शब्द घ्या. यातला ऱ युनिकोडमध्ये (जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना संकेत-क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे ०९३१ हा स्वतंत्र संकेत, दुसरा म्हणजे साधा र (०९३०) आणि त्याच्यापुढे नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा ठिपका (०९३सी). स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे. पायथनला लांबी विचारली तर पहिल्याची ६, दुसऱ्याची ७, आणि दोन्ही समान आहेत का विचारलं तर उत्तर ‘फॉल्स’. जुन्या मॅकची एचएफएस प्लस ही फाइल प्रणाली नावं सुटी करून साठवायची, त्यामुळे तिथून आलेल्या फाइलींच्या नावांत दुसरा प्रकार हमखास सापडतो. गावांच्या यादीत ‘कऱ्हाड’ शोधावं आणि सापडू नये, असं खरोखर होतं. यावरचा उपाय ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ हे फंक्शन. एनएफसी (शक्य तिथे जोडून लिहिलेल्या) रूपात नेलं की दोन्ही शब्द ६ लांबीचे होतात आणि समान ठरतात. क़ (०९५८) मात्र उलट वागतो, एनएफसीतही तो क आणि नुक्ता असा सुटाच राहतो.

हे सगळं बरोबर होतंय ना, हे तपासणारी टेस्ट सूटमध्ये आहे. पण ती युनिकोडची अधिकृत तपासणी-फाइल इंटरनेटवरून उतरवून वापरते. म्हणजे ‘अर्लफेच’ची (नेटवरून फाइल उतरवायची) परवानगी दिली नसेल तर ती मुकाट्याने गाळली जाते, आणि वर सक्सेस दिसतं. मराठीत काम करणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्या सूटमधली सर्वात महत्त्वाची टेस्ट न चालताच निकाल हिरवा! ‘मायनस यू ऑल मायनस व्ही’ लावून ती चालताना पाहिली तेव्हाच मुलांना मी पुढे जाऊ दिलं. एकदा उतरलेली फाइल ‘लिब/टेस्ट/डेटा’मध्ये राहते, पुन्हा उतरवावी लागत नाही.

‘ऑल’ म्हणजेही सगळं नव्हे. ‘टीझेडडेटा’ (टाइमझोनच्या डेटावरची टेस्ट) त्यात येत नाही, वेगळं मागावं लागतं. डेट-टाइमची टेस्ट जगातल्या सगळ्या टाइमझोनवर फिरवली की फार लांबते, पायथनच्या काही बिल्डबॉटवर (आपोआप टेस्ट चालवणाऱ्या मशीनवर) पंधरा-वीस मिनिटं जायची, म्हणून ते बाहेर ठेवलंय. आपण साडेपाच तास पुढे असणारी माणसं, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपलं घड्याळ साडेसहा तास पुढे नेलेलं होतं. हे सगळं टाइमझोनच्या डेटात नोंदलेलं आहे. जुन्या तारखा हाताळणाऱ्यांनी ही टेस्ट टाळू नये.

अशा लांब फेऱ्या लावून आम्ही पांडवलेण्यांकडे गेलो. गावापासून आठेक किलोमीटर, पायऱ्या चढायला वीस मिनिटं. चोवीस लेणी आहेत. वेळ कमी असेल तर तिसऱ्या क्रमांकाचं बघाच, गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा शिलालेख तिथे आहे. लिपी ब्राह्मी. ही लिपी २०१०मध्ये युनिकोडच्या ६.० आवृत्तीत आली, आणि तिच्या प्रत्येक अक्षराचं नाव त्याच युनिकोडडेटा मॉड्यूलला विचारता येतं. शिलालेखासमोर उभं राहून मोबाइलवर ‘ब्राह्मी लेटर क’ हे उत्तर बघणं मला अतिशय आवडलं. पाणी बरोबर ठेवा आणि ऊन चढायच्या आत जा.

नेटवर्कच्या टेस्टबद्दल सावधगिरीची सूचना. हॉटेलचं वायफाय, जिथे आधी लॉगिनचं पान येतं, तिथे त्या चालवू नका. काही इंटरनेट पुरवठादार अस्तित्वात नसलेल्या पत्त्यालाही स्वतःचं पान दाखवतात. मग ‘असा पत्ता नाही’ ही चूक अपेक्षित असलेल्या टेस्ट गोंधळतात. आम्ही त्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पुन्हा चालवल्या आणि प्रश्न मिटला. विजेचंही बघून ठेवा. दुपारी लाइट गेली तेव्हा खालून काकूंनी इन्व्हर्टरवरचा एक प्लग दिला, “एकच लावा रे, फ्रिज आहे त्याच्यावर” असं बजावून. पॉवर स्ट्रिप आणि पूर्ण चार्ज केलेल्या बॅटऱ्या सोबत हव्यातच.

एखादी टेस्ट पडली तर घाबरून जाऊ नका. ‘मायनस डब्ल्यू’ लावलेलं असेल तर पडलेल्या टेस्ट शेवटी सविस्तर माहितीसह आपोआप पुन्हा चालतात. ती एकटी चालवल्यावर पास होत असेल तर दोष बहुधा क्रमाचा, गर्दीचा किंवा वेळेचा. ‘मायनस आर’ने क्रम उलटसुलट करता येतो, त्यात छापलेला सीड (क्रम ठरवणारा आकडा) लिहून ठेवा म्हणजे तोच क्रम परत मिळतो. ‘एन्व्ह चेंज्ड’ असा शेरा आला तर टेस्टने मागे काहीतरी सोडलंय असं समजा: फाइल, थ्रेड, बदललेलं सेटिंग. मोठा आर आणि ‘३:३’ दिलं की रेफरन्स गळती (वापर संपूनही न सुटलेले रेफरन्स) तपासली जाते, तीन फेऱ्या सरावाच्या, तीन मोजणीच्या. ही पूर्ण सूटवर लावू नका, दिवस जाईल. एका-दोन फाइलींवर लावा.

आणि पडलेली टेस्ट तशीच टिकली तर कळवा. पायथनच्या तक्रारी २०२२पासून गिटहब या साइटवर नोंदवल्या जातात. आधी शोधा, कारण तीच टेस्ट आणखी कुणाकडे तरी पडलेली असण्याची शक्यता बरीच असते. नोंदीत कोणत्या कमिटवरचा (रेपॉझिटरीतल्या कोणत्या नोंदीचा) सोर्स, कोणती ऑपरेटिंग सिस्टिम, कॉन्फिगरला काय दिलं, कोणती कमांड, सीड आणि ‘मायनस व्ही’चं त्या टेस्टपुरतं आउटपुट एवढं द्या. स्क्रीनचे फोटो नकोत, मजकूरच चिकटवा. पूर्ण आउटपुट पहिल्यापासूनच फाइलमध्ये वळवून ठेवलेलं असलं की हे सगळं दोन मिनिटांत निघतं. रविवारी संध्याकाळी पुण्याच्या गाडीला जागा मिळवायची घाई असताना ते पुन्हा चालवत बसायला वेळ नसतो. परतीचं आरक्षण जातानाच करून टाका.