रेघ होती, खाच नव्हती

श्रावणातली सकाळ. जळगावच्या एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे, शेतीपंपाचे ऑटो स्टार्टर बनवतो. सर्व्हिसचे भाऊ रावेर-यावलचा फेरा करून आले आणि पिशवीतून स्टार्टरमधली तीन कार्डं, म्हणजे सर्किट बोर्ड, काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. तिन्ही नव्या लॉटमधली. एकावर रिलेच्या, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या, पायांपासून कंट्रोलच्या बाजूपर्यंत काळी, मुळासारख्या फांद्या फुटलेली जळकी वाट गेलेली.

"काय तक्रार होती?"

"मोटर आपोआप बंद पडते म्हणतात, ताई. आणि एक आप्पा म्हणाले, बटणाला बोट लावलं की मुंग्या येतात."

पोटात गोळा आला. त्या कार्डाच्या एका बाजूला ४१५ व्होल्टची थ्री फेज असते आणि दुसऱ्या बाजूला पाच व्होल्टवर चालणारं कंट्रोल. बटणं त्या दुसऱ्या बाजूला. केळीच्या बागेत ओल्या मातीत अनवाणी उभा असलेला माणूस ती बटणं दाबतो. आधी फोन केले: या लॉटचा स्टार्टर ज्यांच्या ज्यांच्याकडे बसलाय त्यांनी मेन स्विच बंद करा, पेटीला हात लावू नका, आमचा माणूस येतोय. चाळीस कार्डांपैकी सव्वीस शेतात होती.

मग प्रश्न उरला की बदललं काय. कार्डाची मागची आवृत्ती, आर ३, दोन पावसाळे बिनतक्रार चालली होती. नवी आवृत्ती आर ४ काढायचं कारण एकच, पत्र्याची पेटी सहा मिलिमीटरने अरुंद झाली होती. ठरवून केलेले बदल दोनच होते: बाहेरची कड आत घेणं आणि टर्मिनल सरकवणं. लेआउट, म्हणजे बोर्डाची आखणी, आमच्या ऑफिसातल्या मुलाने केला होता, तपासून सही मी केली होती. दोन्ही आवृत्त्या शेजारी-शेजारी उघडून, डोळ्यांनी.

डिझाइन केआयकॅड या बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि फाइल गिटमध्ये, जे फाइलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळतं. केआयकॅडची बोर्ड फाइल म्हणजे साधा मजकूरच, कंसात कंस. म्हणून आधी गिटलाच फरक विचारला. हजारो ओळी आल्या. बोर्डावर जिथे तांब्याचा पत्रा ओततो त्या झोनच्या प्रत्येक कोपऱ्याचे आकडे फाइलमध्ये लिहिलेले असतात. कड हलली, झोन पुन्हा भरला, की ते सगळे आकडे नवे. गिट २००५ साली लिनक्सच्या कर्नलचा प्रोग्राम सांभाळायला लिहिलं गेलं. प्रोग्रामची एक ओळ बदलली तर ते नेमकी तीच ओळ दाखवतं. इथे जी ओळ मला हवी होती ती झोनच्या आकड्यांखाली गाडली गेली होती. पाऊण तास स्क्रोल करून मी तो नाद सोडला.

चित्राची तुलना चित्रानेच करायला हवी होती. केआयकॅडच्या सातव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, कमांड लाइनवरून, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञेने, बोर्डाचा एकेक थर एसव्हीजी चित्रात काढता येतो. छोटी स्क्रिप्ट लिहिली. गिटमधून आर ३ आणि आर ४ वेगवेगळ्या फोल्डरमध्ये काढायचे, प्रत्येक थराचं चित्र करायचं आणि इमेजमॅजिक या चित्रांच्या प्रोग्रामने एकावर एक ठेवायचं. फक्त जुन्यात असेल ते लाल, फक्त नव्यात असेल ते हिरवं, दोन्हींत असेल ते काळं.

पहिल्या वेळी सगळंच लाल-हिरवं आलं. चित्र बोर्डाच्या मापाने कापलं जात होतं आणि बोर्डाचं मापच बदललेलं, त्यामुळे एक चित्र दुसऱ्यावर सरकून बसत होतं. पूर्ण पानाचं चित्र काढायला लावलं तेव्हा दोन्ही नीट जुळली. हे कोणी करणार असेल तर त्याने इथेच सावध राहावं.

वरचं तांबं पाहिलं. टर्मिनलपाशी हिरवं, बाकी काळं, अपेक्षित तेवढंच. खालचं तांबं, सोल्डर मास्क म्हणजे तांब्यावरचा रंगाचा लेप, ठीक. मग कडेचा थर उघडला, ज्याला केआयकॅड एज कट्स म्हणतं. दोन चौकटी, एक लाल, एक हिरवी. आणि मधोमध, रिले आणि कंट्रोलच्या मध्ये, एकटाच एक लांबट लाल आकार.

ती आमची खाच होती. दीड मिलिमीटर रुंद, बोर्डाच्या आरपार. धूळ, सोल्डरिंगनंतर उरलेल्या फ्लक्सचा थर आणि श्रावणातली दमट हवा एकत्र आली की बोर्डाच्या पृष्ठभागावरून वीज सरपटायला लागते. वाटेत खाच असेल तर तिला वळसा घालावा लागतो, अंतर वाढतं. खाचच नसेल तर वाट सरळ, आणि ती वाट जळून काळी झालेली मी सकाळीच पाहिली होती.

आर ४ ची फाइल स्क्रीनवर उघडली. भाऊ मागे उभे होते. ते एकदम म्हणाले, "ताई, हाई रेघ तं शे ना!"

होती. अगदी जागेवर होती, म्हणून तर मीही फसले होते. पण ती दुसऱ्या थरावर होती. नवी कड आखताना जुनी कड संदर्भाला राहावी म्हणून मुलाने ती नोंदींच्या थरावर हलवली आणि निवड करताना खाचही सोबत गेली. बोर्ड बनवणाऱ्याला प्रत्येक थराचा नकाशा गर्बर फाइल म्हणून जातो, आणि त्या थराची गर्बर आपण पाठवतच नाही. त्याने दिलं तसं बनवलं. डीआरसीही, म्हणजे सॉफ्टवेअरची नियमांची तपासणी, निर्दोष आली, कारण खाच नसलेला बोर्ड आम्ही घातलेल्या एकाही नियमाला चूक वाटत नव्हता.

मुलगा रडवेला झाला. मी त्याला म्हटलं, "सही माझी आहे. तू स्क्रिप्ट पूर्ण कर." रात्रीपर्यंत त्याने ती ऑफिसच्या मशीनवर बसवली. आता कोणीही नवी आवृत्ती गिटमध्ये टाकली की मागच्या आवृत्तीशी तुलना आपोआप होते, आणि डिझाइनबरोबर शेवटच्या गर्बर फाइलींचीही, कारण बोर्ड बनवणाऱ्याला दिसतं ते गर्बरच. एज कट्समध्ये लाल काहीही दिसलं तर त्याचं कारण लिहिल्याशिवाय ऑर्डर जात नाही.

शेतातली सव्वीस कार्डं चार दिवसांत बदलून जुन्या रुंद पेटीसकट आर ३ बसवली. स्टोअरमधल्यांवर मी स्वतः मार्करने फुली मारली.

आर ५ चा लॉट पोळ्यानंतर आला. भाऊंनी पहिलं कार्ड उचलून खिडकीकडे धरलं. खाचेतून बाहेरचा कडुनिंब दिसत होता.