पाव किलो पाव

मी मुंबईत अमराठी मंडळींना मराठी शिकवते. बँकेत, टपाल खात्यात बदली होऊन आलेली मोठी माणसं असतात. दर नव्या तुकडीत कुणीतरी एकदा तरी विचारतंच, "मॅडम, पाव म्हणजे चौथा भाग ना? मग ब्रेडला पाव का म्हणतात? लादीचे चार तुकडे होतात म्हणून?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

लादीशी त्याचा काही संबंध नाही. बेकरीतला पाव पोर्तुगिजांचा. त्यांच्या भाषेत ब्रेडला जवळजवळ 'पांव' म्हणतात, आणि तो शब्द लॅटिनमधल्या 'पानिस'वरून आला. 1510 मध्ये त्यांनी गोवा घेतला आणि पावही तिथे रुजला. पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे माडी, वापरली जायची. गोव्यात सायकलवरून भोंगा वाजवत येणारा पाववाला, म्हणजे पोदेरसुद्धा पोर्तुगीज शब्दातूनच आलाय. जपानी लोक ब्रेडला 'पान' म्हणतात, तेही पोर्तुगिजांकडूनच उचललेलं.

दुसरी एक कथा मला हमखास ऐकवली जाते: कणीक पायांनी तुडवायचे म्हणून पाव. ही तर निव्वळ थाप. पण गंमत पुढेच आहे. पाय खरोखर आहे, फक्त तो बेकरीत नाही, वाण्याच्या तराजूत आहे! संस्कृतात 'पाद' म्हणजे पाय. जनावराला पाय चार, म्हणून एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. त्या पादाचा झाला पाव. पादाने ऊन, म्हणजे पाव भागाने कमी, ते पाऊण. पादासकट, म्हणजे सपाद, ते सव्वा. पावणेदोनमधलं पावणे हेही पाऊणच. माझे आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे घडाघडा म्हणायचे. मला अजूनही पावणेसात म्हटलं की बोटं मोजावीशी वाटतात. चार आण्यांची पावली तर 2011 च्या जूनअखेर चलनातूनच गेली, पण डोकं जरा सरकलेल्या माणसाला मुंबईत 'पावली कम' म्हणणं चालूच आहे. शेरही गेला, पण 'पावशेर मारून आलाय' म्हटल्यावर काय मारलं ते कुणाला समजावावं लागत नाही.

तिसरा पाव देवाचा. हा संस्कृत 'प्राप्'मधून आला. पोचणे, मिळणे हा मूळ अर्थ. जुन्या पत्रात 'पत्र पावले' लिहीत, ते पोचलं म्हणून. आणि पैसे पोचल्याचा कागद ती पावती. देव पावतो म्हणजे भक्तापर्यंत पोचतोच की. आरतीत आपण 'संकटी पावावे' म्हणतो. (निम्मं गाव 'संकष्टी पावावे' म्हणतं. म्हणजे गणपतीने चतुर्थीपुरतंच पावायचं?)

गावाकडचे 'या पावणं' मात्र वेगळे. ते पाहुणे. त्यांना यात ओढू नका.

वर्गात हे सगळं सांगत बसत नाही. तिथे युक्ती एकच: शब्द वाक्यात घालून हलवून बघायचा. बेकरीतला पाव नाम आहे, त्याला प्रत्यय लागतो: पावाला, पावाचा. चौथा हिस्सा ढिम्म हलत नाही. पाव किलोला म्हणतो, पावा किलोला नाही. आणि देवाचा पाव क्रियापद, तो पावला, पावेल, पावो असा काळानुसार धावतो.

गेल्या तुकडीतल्या एका बिहारी टपाल कर्मचाऱ्याने हे वहीत लिहून घेतलं आणि तरीही बेकरीत जाऊन "पाव किलो पाव द्या" म्हणाला. बेकरीवाल्याने मान वर न करता विचारलं, "लादी देऊ का सुटे?" खात्याच्या मराठी परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी त्याचा निरोप आला: "मॅडम, देव पावला. पेढे पाव किलो आणतो. पावती दाखवू?"