घरात कामं कमी आहेत का?

"घरात कामं कमी आहेत का, की ही बाटल्या उचलत बसते?" हे मला गडग्यापलीकडून विचारून झालंय, किराण्याच्या दुकानात विचारून झालंय, आणि एकदा तेराव्याच्या पंगतीत वाढता वाढता. पुढचा सल्ला ठरलेला. विहिरीवरून दहा कळश्या आण, आगरातल्या झावळ्या ओढ, व्यायामच तो. सांगणाऱ्यांपैकी एकाच्याही विहिरीवर आता रहाट नाही. बटण दाबलं की टाकी भरते. पाटा परसात पालथा पडलाय, चूल फक्त अंघोळीच्या पाण्यापुरती. तीस वर्षांपूर्वीच्या कामांच्या जोरावर आजचं अंग चालेल, हा हिशोब मला तरी जमत नाही.

हे जरा चिडूनच लिहिलंय. असू दे.

आधी माझ्या व्यायामाचं सामान सांगते, कारण त्यावरूनच जास्त हसतात. एक लिटरच्या दोन बाटल्या, पुळणीने, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूने भरलेल्या. पाणी भरलं असतं तर किलोच झाला असता. कोरडी पुळण भरली तर सुपारीच्या काट्यावर दीड किलोच्या वर जाते. तेलाचा पाच लिटरचा कॅन, तोही पुळणीचाच, साधारण आठ किलो. मुलाचं जुनं दप्तर, त्यात तांदूळ. रबरी पट्टा साडेतीनशे रुपयांचा. लोखंडी डंबेल्सची जोडी आणली होती, पण आमच्या खाऱ्या हवेत दुसऱ्या पावसाळ्यातच तिला असा गंज चढला की हात लालभडक व्हायचे. आता ती लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून आहे, फडक्यात गुंडाळून. आणि एक लाकडी खुर्ची. बाटल्यांना सगळे हसतात, खुर्चीकडे कुणाचं लक्षच जात नाही.

मीही हसलेली आहे, हे लपवत नाही. माझी धाकटी जाऊ डोंबिवलीहून मे महिन्यात यायची ती व्यायामाचा पट्टा बॅगेत घालून. पहाटे खळ्यात तिचं सुरू झालं की मी मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणायची, "शहरात बसून बसून अंग आंबतं हो, आमच्याकडे या, नारळ सोला." ती बिचारी हसायची आणि पुढचे वीस मोजायची.

आता त्या रात्रीचं. २२ जुलै २०२१, पहाटेचे अडीच वाजले असतील. त्याच सुमाराला चिपळुणात वाशिष्ठी नदी घराघरात शिरत होती, पण इथे गुहागरात आम्हाला काही पत्ता नव्हता. वीज संध्याकाळीच गेलेली, मोबाइलला रेंज नाही. नवरा मुंबईला, मुलगा पुण्याला. घरात मी आणि सासूबाई. त्या एकोणऐंशीच्या. न्हाणी पडवीच्या टोकाला, आणि पावसाळ्यात तिथली फरशी कितीही घासली तरी बुळबुळीत. मला हाक ऐकू आली नाही, तांब्या पडल्याचा आवाज आला.

बॅटरी घेऊन गेले तर त्या भिंतीला टेकून बसलेल्या. पाय हलवून बघितले, दोन्ही हलले. कंबरेत कळ नाही म्हणाल्या. मग मी मागे गेले, काखेत हात घातले आणि ओढलं. बासष्ट किलो वजन, ओलं लुगडं, माझे पाय घसरतायत. एकदा ओढलं, दोनदा ओढलं. तिसऱ्यांदा जीव खाऊन ओढलं, आणि उजव्या खांद्यातून आवाज आला. अडकित्त्यात सुपारी फुटते ना, तसा. "अगो, मेल्ये गो," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर मी हात लावला नाही. खाली गोणपाट सरकवलं, अंगावर घोंगडी टाकली, आणि त्यांना टेकायला म्हणून त्यांच्या पाठीला पाठ लावून मीही फरशीवर बसले. पागोळ्यांचा आवाज एवढा की ओरडून उपयोग नव्हता. त्यांनी रामरक्षा सुरू केली, मध्येच अडकल्या, आणि पुढचं मलाही आठवेना. दोघी गप्प. साडेपाचला शेजारचे भाऊ पडलेल्या पोफळी बघायला आगरात आले, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या मुलाने खुर्चीत बसवून आत नेलं.

चिपळूणचा चिखल उपसून होईपर्यंत एक्स-रे झाला नाही. हाड शाबूत होतं, खांद्यातलं स्नायूचं बंधन फाटलं होतं. तो हात पुन्हा कानाच्या वर गेला नाही. पुढची दोन वर्षं त्यांचा अंबाडा मी घातला.

सगळ्यांना मी सांगितलं, पडताना खांद्यावर आपटल्या. नवऱ्यालाही तेच. पहिल्यांदाच खरं लिहितेय.

तर व्यायाम तिथून सुरू झाला. आपल्या अंगात जोर नव्हता म्हणून असं झालं, या एका खुळाने. गणपतीनंतर फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे गेलो, तेव्हा त्यांनी बोलता बोलता विचारलं, "उठवलंत कसं?" मी मोघम काहीतरी म्हटलं. त्या म्हणाल्या, काखेतून कधी ओढू नका. हाड मोडल्याची शंका असेल तर हलवूच नका. नसेल तर कुशीवर वळवायचं, मग कोपरांवर, मग रांगत्या बाळासारखं. समोर खुर्ची ठेवायची, त्यांचे हात तिच्यावर. एक पाऊल पुढे घेऊन त्यांनी स्वतः रेटा द्यायचा, आणि मागून दुसरी खुर्ची सरकवायची. घरी आल्यावर न्हाणीचं दार लावून मी स्वतः फरशीवर आडवी झाले आणि तसं करून बघितलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. दोन्ही खुर्च्या त्या रात्री पडवीतच होत्या.

म्हणजे माझा जोर कमी पडला हे कारणच खोटं. मग बाटल्या कशाला, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं स्वतःला. पण गुडघ्यावरून उठताना रेटा मांडीतून येतो, आणि सासूबाईंच्या मांडीत तो राहिलेला नव्हता. आठ वर्षं मी त्यांना "तुम्ही बसा, मी करते" म्हणत होते. उकिडवं बसायला नको म्हणून कमोड, वाकायला नको म्हणून ओटा, पाणी खोलीत. गावात माझं कौतुक व्हायचं. व्यायामाची गरज असलीच तर त्यांना होती, आणि ती मीच काढून घेतली.

म्हणून खुर्ची. हात छातीशी बांधून उठायचं, बसायचं. सुरुवातीला आठ व्हायचे. पंधरा झाले तेव्हा दप्तर पोटाशी धरलं, दोन किलो तांदूळ, आता सहा. कामात नेमकं हेच होत नाही. कळशी तेवढीच राहते, अंग तिला सरावतं आणि तिथेच थांबतं. शिवाय तीस वर्षं ती डाव्याच कमरेवर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलंय की आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असं काही करा, आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळायचं. त्यातच घरकामही हालचालीत धरलंय. हे तुमच्या बाजूचं, म्हणून सांगून टाकते.

तुमच्या बाजूचं आणखी एक आहे. असगोलीहून मासे घेऊन येणारी आजी सत्तरीच्या पुढची. डोक्यावरची पाटी स्वतः उतरवते, खळ्यात उकिडवी बसून पापलेट साफ करते आणि कशालाही हात न टेकता उठते. तिने जन्मात बाटली उचललेली नाही. मी पट्टा ओढत असले की ती थांबून बघते. तो पट्टाही मार्चमध्ये तुटला आणि सटकन गालावर बसला. खोबरेल तेलाच्या हातांनी धरायचे, रबर तेलाने कुजतं हे ध्यानातच आलं नाही. वळ बघून आजी म्हणाली, "पैसे देऊन मार खाल्लास?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सासूबाई २०२३ साली गेल्या. शेवटपर्यंत कुणी समाचाराला आलं की माझ्याकडे बोट दाखवून सांगायच्या, "रात्रभर हिच्या पाठीला टेकून बसल्ये होत्ये." मग डाव्या हाताने उजवा खांदा धरून म्हणायच्या, "हा पडल्ये तेव्हा गेला." मी चहा गाळत असायची. हे त्या खरं समजून म्हणायच्या, की मला सांभाळून घ्यायच्या, ते मी विचारलं नाही.