बियांपासून हराळीचं लॉन: माती निवडण्यापासून पहिल्या कापणीपर्यंत

पुण्यातल्या वाघोलीच्या रो-हाऊसमागच्या तुकड्यावर हराळीचं लॉन करतेय, तेही तयार गवताचे रोल न अंथरता बियांपासून. जागा साधारण वीस बाय वीस फूट, एक भिंतीकडची पट्टी सोडली तर दिवसभर कडक ऊन. पहिली कापणी झाली म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवते. यातला मोठा भाग मातीबद्दलच आहे, कारण बी पेरणं एका सकाळचं काम असतं पण एकदा गवत धरलं की खालची माती बदलता येत नाही.

मूळ जमीन काळी आणि तिच्यावर बिल्डरने सोडलेला राडारोडा, विटांचे तुकडे, प्लास्टरची ढेकळं, टाइल्सच्या कपच्या, बांधायची तार. हे सगळं आधी काढलं, वीतभर खोल खणून अन् जाळीतून चाळून. लोक यावरच माती पसरतात आणि वर छान हिरवं दिसेपर्यंत खूश असतात, पण सिमेंट-चुन्याने सामू (मातीचा आम्ल-विम्लपणा, म्हणजे pH) वाढतो आणि दख्खनच्या काळ्या मातीचा सामू मुळातच साडेसात ते साडेआठच्या आसपास असतो. चुनखडी किती आहे त्याचा अंदाज घरीच येतो, वाळलेल्या चमचाभर मातीवर व्हिनेगर टाकायचं, फसफसली की चुनखडी आहे. माझी चांगलीच फसफसली, ते पुढे कामाला आलं.

आता मुख्य मुद्दा. ज्याला विचारावं तो सांगतो की काळी काढून टाका आणि लाल माती भरा. मला हे पटत नाही. काळी माती बेसॉल्टपासून झालेली, त्यातली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि सुकली की भेगा पडतात हे खरंच, पण अन्नद्रव्यं अन् पाणी धरून ठेवायची ताकद तिच्यात लाल मातीपेक्षा कितीतरी जास्त. लाल रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो, त्याचा सुपीकतेशी काही संबंध नाही, उलट नुसती लाल माती वापरली तर सेंद्रिय पदार्थ कमी म्हणून पावसाच्या माऱ्याने वर पापुद्रा धरतो आणि हराळीचं बी इतकं बारीक की त्यातून वर यायला त्याला फार जड जातं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे काळीवर लालचा वेगळा थर थापणं. पाणी वरच्या थरातून भराभर उतरतं आणि खालच्या चिकणीवर अडतं, मुळं त्या सांध्यावरच कुजतात. रोलच्या लॉनमध्येही हा धोका असतो कारण रोलबरोबर त्याचा स्वतःचा मातीचा पातळ थर येतो, खालची जमीन नीट मोकळी केलेली नसेल तर मुळं त्या थरातच घुटमळत राहतात. म्हणून थर नाही, मिसळायचं. माझा सगळा भर यावर होता.

बाहेरची माती हवीच होती पण थोडी. हिशोब सांगते, 400 चौरस फुटांवर चार इंच भरायची तर 133 घनफूट लागते, म्हणजे सव्वा ब्रासच्या वर (ब्रास म्हणजे 100 घनफूट). मिसळायला दोन इंच पुरली, 67 घनफूट, पाऊण ब्रासच्याही आत. बाकी दीड इंच पूर्ण कुजलेलं शेणखत आणि गांडूळखत. हे सगळं वरच्या सहा इंचात फावड्याने नीट कालवलं.

वाळू टाकू का असं बरेच जण विचारतात. चिकण मातीत थोडीशी वाळू टाकून काही होत नाही, उलट वाळून घट्ट गठ्ठा होतो, फरक पडायला निम्म्याच्या आसपास वाळू लागते. त्यातून आता मिळते ती बहुतेक क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, तिच्यातली भुकटी मोकळ्या जागा बुजवते. जिप्समचंही तसंच, जमीन चोपण असेल, सोडियम जास्त असेल तरच त्याचा उपयोग, नुसत्या चिकणपणावर ते औषध नाही. भुसभुशीतपणा आणायचा तर सेंद्रिय खत, दुसरा रस्ता मला तरी माहीत नाही.

टेम्पोतली माती उतरवायच्या आधी बघायची, नंतर नाही. ड्रायव्हर म्हणाला "ताई, एक नंबर माल आहे, शेतातला आहे". मी फाळक्यावर चढून हात कोपरापर्यंत आत घातला, कारण वरची माती दाखवायची असते. आत बोटांना काळपट, कडक, शेंगदाण्याएवढ्या गाठी लागल्या, त्याला तारेसारखी मुळं. नख लावून फोडली तर आतून पांढरी आणि वास नागरमोथ्याचा. लव्हाळा! तो टेम्पो तसाच परत पाठवला. लव्हाळ्याची एक गाठ राहिली तरी ती पुढे साखळीने गाठी करत जाते आणि लॉनमधून तो काढणं म्हणजे लॉनच उकरणं. गाजर गवताचं बी पण असंच मातीतून येतं, आणि 1950 च्या दशकात ते भारतात पहिल्यांदा लक्षात आलं ते आपल्या पुण्यातच, त्यामुळे पुणेकरांनी तरी याबाबत जास्त कडक राहावं असं मला मनापासून वाटतं.

दुसरीकडून आणलेली पोयट्याची माती (वाळू, गाळ अन् चिकण तिन्ही असलेली भुसभुशीत माती) पसंत पडली. मूठभर ओली करून अंगठा अन् बोटामध्ये दाबत पट्टी काढायची, पाच सेंटिमीटरच्या वर न तुटता गेली तर चिकण, अडीचच्या आत तुटली तर पोयटा. माझी काळी लांबलचक जात होती, ही लगेच तुटली. मग काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर भांड्यांची पावडर, जोरात हलवून ठेवून दिली. मिनिटभरात वाळू खाली बसते, दोनेक तासांत गाळ बसतो आणि चिकणमाती दिवस उलटला तरी पाणी गढूळ ठेवते. पट्टी लावून थर मोजायचे, साधारण 40 टक्के वाळू, 40 टक्के गाळ, 20 टक्के चिकण असलं की पेढा वाटावा. हिच्यात वाळू थोडी जास्त निघाली, काळीत मिसळायला ते बरंच.

शेणखत घेतानाही हात घाला. गरम लागलं किंवा शेणाचा वास आला तर ते कच्चं आहे, आणि कच्च्यात हुमणीच्या अळ्या असू शकतात, पांढऱ्या, इंग्रजी सी सारख्या वळलेल्या. त्या गवताची मुळं खातात आणि लॉन गालिच्यासारखं हातात सोलून येतं. चाळून घेतलं, निंबोळी पेंड मिसळली, पेरणीआधी सिंगल सुपर फॉस्फेट चौरस मीटरला 40 ग्रॅम.

घरापासून गेटकडे तीन इंच उतार दिला, फळी फिरवून सपाट केलं, पाय फार रुतणार नाही इतपत दाबलं. आणि पेरलं नाही. हे मुद्दाम. मृगाच्या सरींनी जे काय तण उगवायचं ते उगवू दिलं, केना, घोळ, थोडं गाजर गवत, सगळं लहान असतानाच खुरप्याने वरच्यावर काढलं, खोल न उकरता, नाहीतर खालचं बी परत वर येतं. ज्यांना घाई असते त्यांनी निदान एवढी एक पायरी तरी चुकवू नये.

बी घेताना पाकिटावरचा फोटो बघू नका, नाव बघा. केंटकी ब्लूग्रास, राईग्रास, फेस्क्यू ही थंड हवेची गवतं, पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये तगत नाहीत. आपल्याकडे बर्म्युडा म्हणजे आपली हराळीच, आणि तीही टरफल काढलेली घ्या, लवकर रुजते. कोटिंगवालं बी असेल तर निम्मं वजन कोटिंगचंच असू शकतं हे धरून चाला. प्रमाण चौरस मीटरला 5 ते 10 ग्रॅम, माझ्या 37 चौरस मीटरला 300 ग्रॅमच्या आसपास. बी कोरड्या वाळूत मिसळून अर्धं उभं, अर्धं आडवं फेकलं म्हणजे पट्टे पडत नाहीत. वर चाळलेलं गांडूळखत अगदी पातळ, पाच मिलिमीटरपेक्षा खोल बी जाता कामा नये. मुंग्या बी पळवतात म्हणून कडेने लक्ष ठेवलं, आणि जोराची सर आली की उताराच्या खालच्या बाजूला गोणपाट.

आठवडा उलटल्यावर हिरवी लव दिसायला लागली, अगदी विरळ. इथे बरेच जण घाबरून परत बी टाकतात. थांबा! हराळी आधी मुळं धरते, मग धावरे, म्हणजे जमिनीवरून पसरणाऱ्या फांद्या सोडते आणि मोकळ्या जागा तीच भरते, फक्त वरचा थर सुकू द्यायचा नाही. जुलैत रिमझिमीने ते काम केलं, उघडीप असली की झारी. महिन्याच्या आसपास धावरे सुटले तेव्हा 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) लिटरला 3 ग्रॅम टाकून फवारलं.

मध्ये एका कोपऱ्यात नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं दिसलं. नत्राची कमतरता असती तर आधी जुनी पानं पिवळी पडली असती, ही लोहाची, चुनखडीच्या जमिनीत नेहमीची. हिराकस (फेरस सल्फेट) पाण्यात विरघळवून पानांवर हलकंच फवारलं, रंग लगेच सुधारला. फरशीवर थेंब पडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत.

पहिली कापणी उंची पाच-सहा सेंटिमीटर झाल्यावर, धारदार पात्याने, एक तृतीयांशच. भिंतीकडच्या पट्टीत ऊन कमी म्हणून तिथे हराळी विरळच राहणार, तिथे कार्पेट ग्रासची मुळं असलेली कांडं लावणार आहे. बाकी भागावर सप्टेंबरमध्ये पोयटा अन् गांडूळखत चाळून पातळ थर, आणि ऑक्टोबर संपायच्या आत खताचा शेवटचा हात, कारण थंडी पडली की हराळीची वाढ मंदावते आणि मग घातलेलं खत वाया जातं.