कॉम्प्लेक्स येस
दुपारी जेवून लॅपटॉप उघडला तर क्रोम ब्राउझरची सूचना समोर: जाहिराती अडवणारं तुमचं एक्स्टेंशन आता चालणार नाही, बंद केलं आहे. केलं आहे! विचारलं वगैरे काही नाही. इतकी वर्षं दारात बसलेला वॉचमन एका दुपारी घरी पाठवला, आणि पाच मिनिटांत टूबीएचके, गुडघेदुखी आणि केसगळती चपलांसकट आत येऊन कोचावर बसल्या.

काही माणसं चिडली की कपाट आवरायला काढतात. मी ब्राउझर बदलतो. फायरफॉक्स आहेच, एज विंडोजबरोबर आलेला, ब्रेव्ह भाच्याने टाकून दिलेला, आणि ओपेरा निव्वळ जुन्या ओळखीपोटी. चारही उघडले, चौघांत एकच साइट लावली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन बसलो. ओपेरा जिंकला, मग ब्रेव्ह जिंकला, मग लक्षात आलं की शर्यत माझ्या अंगठ्याची चालली आहे.

"मामा, काय मोजतोयस?" भाचा म्हणाला. "फायरफॉक्स सोडला तर सगळ्यांच्या आत क्रोमियमच आहे, म्हणजे क्रोमचाच गाभा."

खरंय. कढई एक, गाड्या वेगळ्या. ओपेराने 2013 साली स्वतःचं प्रेस्टो इंजिन सोडलं आणि तोही त्याच पंगतीत बसला. 2020 साली एजही त्याच पंगतीत आला. आपल्याकडच्या आयफोनवर तर वर पाटी कुणाचीही लावा, आत सफारीचं वेबकिट इंजिनच. म्हणजे तुलना करायची ती चटणीची.

भाच्याला एक सांगितलं नाही. मी आयुष्यात पहिलं एक्स्टेंशन टाकलं ते जाहिराती अडवायला नव्हे, मराठी वाचायला. तेव्हा एकेका वर्तमानपत्राचा फॉन्ट निराळा, आणि तो आपोआप उतरायचा फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये. फायरफॉक्समध्ये तेच पान उघडलं की मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखं दिसायचं. मग 'पद्मा' नावाचं एक्स्टेंशन टाकायचं. ते त्या खिचडीचं युनिकोड, म्हणजे कुठेही नीट दिसणारी अक्षरं, करून द्यायचं, अग्रलेख वाचण्याइतपत. ज्यांनी ते वापरलंय त्यांना आत्ता हसू आलं असेल. बाकीच्यांनी पुढे चला.

खरी मजा ओपेरा मिनीची. 2010 च्या आसपास अण्णा नुकतेच निवृत्त झालेले, हातात बटणांचा फोन, टूजी. ओपेरा मिनी म्हणजे पान आधी ओपेरा कंपनीच्या सर्व्हरवर जाणार, तिथे पिळून निघणार आणि मग वाळलेलं फोनवर येणार. रिचार्ज पुरायचा. पण मराठी उघडलं की नुसते डबे. ओळीच्या ओळी रिकाम्या चौकोनांच्या, मध्येच एखादा पूर्णविराम.

तोडगा तेव्हा तोंडोतोंडी फिरत होता. पत्त्याच्या जागी ओपेरा, कोलन, कॉन्फिग असं टाइप करायचं. (कोलन सापडेपर्यंत अण्णांनी सगळी बटणं दाबून पाहिली.) सेटिंगचं पान यायचं, त्यात खाली एक ओळ, कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठी (म्हणजे देवनागरीसारख्या लिपीसाठी) बिटमॅप फॉन्ट वापरू का? 'नो'चं 'येस' करायचं आणि सेव्ह. मग अक्षरं चित्रं होऊन यायची, जरा फिकट, जरा बारीक, पण अक्षरं.

अण्णांनी फोन हातभर लांब धरला, चष्मा कपाळावर ढकलला, परत खाली घेतला. "जोडाक्षरंसुद्धा आली रे," म्हणाले. मग निधनवार्ता उघडल्या. पेपर हातात आला की ते आधी त्याच वाचत, ओळखीचं कुणी आहे का बघायला; फोनवरही क्रम तोच.

आठवड्याभरात बागेतल्या कट्ट्यावर त्यांचं प्रस्थ वाढलं. पेन्शनर मंडळी फोन घेऊन रांगेत, आणि अण्णा विचारणार, "तुझं कॉम्प्लेक्स येस आहे का?" ज्याचं नसेल त्याचं करून देणार. फी म्हणून एक कटिंग. एकदा कुणाच्या तरी फोनवर काही केल्या येस होईना, तर घरी घेऊन आले आणि मला रात्री साडेदहाला बसवलं. तो फोन ओपेराचा नव्हताच, त्यात कंपनीचा स्वतःचा ब्राउझर होता.

वेगाचं म्हणाल तर पान यायला बराच वेळ लागायचा. अण्णा तेवढ्यात सुपारी कातरून घेत.

तर चौघांपैकी कोण? शेवटी फायरफॉक्समध्ये तेच एक्स्टेंशन टाकलं. तिथे अजून चालतं. गुडघेदुखी गेली. बाकीचे तिघे बंद करायचे राहिले, लॅपटॉपचा पंखा घोंगावतोय.

मध्येच उठून ड्रॉवरमधून अण्णांचा फोन काढला होता. लागत नाही. त्याला बारीक पिनचा चार्जर लागतो, आणि तो कुठे ठेवलाय ते अण्णांनाच माहीत होतं.