ती खोटं बोलते, हे माहीत असूनही

"तिचं निम्मं बोलणं खोटं असतं हे तुला पक्कं ठाऊक आहे, मग अजून मैत्री कशाला ठेवतेस?" आमच्या कॉलेजच्या ग्रुपमधल्या जवळजवळ प्रत्येकाने मला हे कधी ना कधी विचारलंय. परवाच्या लग्नात तुम्हीही विचारलंत. जेवणाच्या रांगेत उभं राहून याचं उत्तर देणं मला जमत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

पुण्यात हॉस्टेलला ती आणि मी एका खोलीत राहायचो. तिचा भाऊ एअर फोर्समध्ये आहे असं ती सांगायची. भावाचं गावात खतांचं दुकान आहे, हे पुढे त्यानेच सहज बोलता बोलता सांगितलं. दुकानाची लाज वाटावी असं त्यात काही नव्हतं, आणि आमच्यापैकी कुणी तसं मानणारंही नव्हतं. मेसमध्ये पोहे खाल्ले असले तरी ती मिसळ खाऊन आले म्हणायची. घरून निघालीच नसेल तरी फोनवर "स्वारगेटला उतरले" असं ठणकावून सांगायची. खोटं बोलून माणूस काहीतरी पदरात पाडून घेतो अशी आपली समजूत असते. इथे पदरात काहीच पडत नव्हतं, आणि लोकांना राग येतो तो नेमका त्याचाच. फसवणुकीचं कारण सापडलं तर निदान माणूस समजल्यासारखा वाटतो.

आंतोन डेलब्रुक या मानसोपचारतज्ज्ञाने 1891 मध्ये अशा रुग्णांचं वर्णन करून त्या लक्षणाला 'स्यूडोलॉजिया फँटास्टिका' हे नाव दिलं. फायद्याच्या मानाने भलतंच मोठं, गुंतागुंतीचं आणि वर्षानुवर्षं चालणारं खोटं. मानसिक आजारांच्या अमेरिकन यादीत, म्हणजे डीएसएममध्ये, आजही त्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा नाही. त्यामुळे "तिला अमुक आजार आहे" असं मी कुणाला सांगत नाही. ते ठरवणारी मी कोण?

"सगळेच थोडंफार खोटं बोलतात" हे वाक्य मात्र मला पटत नाही. 2010 मध्ये हजार अमेरिकन लोकांना विचारलं गेलं, की गेल्या 24 तासांत तुम्ही किती वेळा खोटं बोललात? साठ टक्के लोकांनी एकदाही नाही असं सांगितलं, आणि एकूण खोट्यापैकी जवळपास निम्मं फक्त पाच टक्के लोकांच्या वाट्याला आलं. सगळ्यांना एका मापाने मोजलं की तिच्या घरच्यांना काय सोसावं लागतं ते दिसेनासं होतं. आणि "तुला कळलं कसं नाही?" असं तिच्या नवऱ्याला विचारणाऱ्यांसाठी आणखी एक. नुसतं बघून-ऐकून खोटं ओळखण्यात माणसं सरासरी 54 टक्के वेळाच बरोबर ठरतात, म्हणजे छापा-काटा करण्यापेक्षा थोडीशीच बरी. त्या माणसाला भोळा म्हणू नका.

ग्रुपमध्ये एकदा तिला पकडायचं ठरलं होतं. तारखा जुळवल्या, जुने मेसेज काढले, चारचौघांत समोर ठेवले. तिने त्याच जागी आणखी मोठी गोष्ट रचली. आपल्याला गाठ आहे, बायोप्सी व्हायचीय, म्हणून मन ठिकाणावर नाही. कोंडीत सापडली की तिची थाप वाढते, हे मी तेव्हाच सांगत होते. दुसऱ्या दिवशी मी फक्त म्हटलं, "चल, मी येते बरोबर, रजा टाकलीय." ती खूप वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "राहू दे, तसं काही नाहीये." तिने स्वतःहून एखादी गोष्ट मागे घेतलेली मी पहिल्यांदा ऐकली. तेव्हापासून मी तिची उलटतपासणी करत नाही. तिच्या शब्दावर पैसे देत नाही, तिने सांगितलेली बातमी पुढे कुणाला कळवत नाही, आणि ती आजाराचं बोलली की डॉक्टरकडे बरोबर जायला निघते.

आता मैत्री का, ते. माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा रात्री दवाखान्यात थांबायला ती आली. आईला कूस बदलून द्यायची, बेडपॅन द्यायची, पहाटे चहा आणायची, सगळं न सांगता. त्याच रात्री नर्सला तिने आपण फिजिओथेरपिस्ट असल्याचंही सांगितलं. मी दारात उभी राहून ते ऐकत होते. आईच्या पाठीखाली सरकवलेला तिचा हात खरा होता. तिच्या बोलण्यावर माझा विश्वास नाही, तिच्या येण्यावर आहे. ती येते म्हणून मी तिच्याबरोबर आहे.

पण एका गोष्टीत मी तडजोड करत नाही. दिवाळीत ती लेकीला घेऊन फराळाला आली होती. केरळच्या सहलीचं सांगत होती, अलेप्पीची हाउसबोट, सकाळी आप्पम, पावसात भिजलेले कपडे. पोरगी चकली खात होती. मान वर करून म्हणाली, "आई, आपण कुठे गेलो होतो? ते तर मावशीचे फोटो होते." ही क्षणभरही अडखळली नाही. "अगं तू झोपली होतीस ना सगळा वेळ, तुला आठवत नाही." पोरीने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, आणि हळूच म्हणाली, "हो का?" सात-आठ वर्षांचं पोर स्वतःच्या आठवणीवर शंका घेत होतं.

त्या रात्री मी तिला फोन केला. म्हटलं, "मला काय वाट्टेल ते सांग, मी ऐकेन. पण लेकीला जे दिसलं ते दिसलं नाही असं तू सांगायचं नाहीस. माझ्यासमोर सांगितलंस तर मी तिथेच पोरीची बाजू घेईन." ती रडली, चिडली, बरेच दिवस फोन उचलला नाही. मला त्याची खंत नाही.

अमेरिकेत पॅट्रिक कोवेनबर्ग नावाचे एक न्यायाधीश होते. व्हिएतनाममध्ये लढल्याचं, सीआयएसाठी काम केल्याचं ते सांगत, आणि ते सारं खोटं होतं. डेलब्रुकने वर्णिलेलीच अवस्था त्यांची आहे अशी साक्ष मानसोपचारतज्ज्ञाने दिली, तरीही 2001 मध्ये त्यांचं पद गेलं. मला ते योग्य वाटतं. माणूस आजारी असू शकतो आणि त्याच्या हातून दुसऱ्याचं नुकसानही होत असतं. एकाची कीव करताना दुसऱ्याकडे डोळेझाक करायची नाही.

काही महिन्यांनी तिनेच विचारलं, कुणाशी बोलावं. मी तिला टेलि-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, 14416 हा सरकारी नंबर दिला. तिथे मराठीत बोलता येतं. पुढे ती समुपदेशकाकडे जायला लागली. सुरुवातीला तिथेही भाऊ एअर फोर्समध्येच होता, हे तिनेच मला सांगितलं. आता तिच्या परवानगीने मी अधूनमधून बरोबर जाते. एखादी गोष्ट घडली की नाही असं समुपदेशकाने विचारलं, तर ती आधी माझ्याकडे बघते. मी काही बोलत नाही. उत्तर तिनेच द्यायचं असतं. कधी खरं देते, कधी नाही. आणि पोरीला मी सांगून ठेवलंय, तुला जे आठवतं ते मला कधीही विचार, मी तिथे असले तर जसं झालं तसंच सांगेन.